प्रेमकादंबरी : वाचलेली आणि ऐकलेली

मराठी कादंबरी जन्मली समाजसुधारणेच्या कळकळीतून, पण तिला वाचक मिळवून दिला तो प्रेमकथेने. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही विधवांच्या स्थितीवरची कादंबरी १८५७ साली निघाली. चारच वर्षांनी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. गुणी नायक-नायिका, दुष्टांची कारस्थाने, ताटातूट आणि अखेर मीलन हा या कथांचा साचा. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन मूळ प्रवृत्ती सांगितल्या, त्यांत रंजनपर प्रवृत्तीला त्यांनी ‘मुक्तामाले’चेच नाव दिले. पुढच्या दीडशे वर्षांत वाचकांनी सर्वांत जास्त तुडवलेली वाट हीच, आणि समीक्षेने सर्वांत कमी तपासलेलीही हीच.

या वाटेचा मोठा पट्टा कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातून जातो. ब्रिटिश अमलातला सातारा जिल्हा आणि भोवतालची सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थाने यांतून आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे घडले. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. वि. स. खांडेकर यांचा जन्म १८९८ मध्ये सांगलीत झाला आणि १९७६ मध्ये मिरजेत त्यांचे निधन झाले. मधली सारी लेखनकमाई शिरोडे आणि कोल्हापूर इथली असली, तरी सांगलीकर त्यांना आपल्याच गावचे मानतात.

खांडेकर आणि ना. सी. फडके या दोघांनी १९३० ते १९६० या काळातल्या मराठी तरुणांच्या प्रेमाच्या कल्पना घडवल्या. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या फडक्यांच्या ‘दौलत’, ‘अटकेपार’, ‘निरंजन’ या कादंबऱ्यांतली माणसे शिकलेली, नीटनेटकी, मोकळेपणाने बोलणारी आहेत. खांडेकरांच्या ‘उल्का’पासून ‘अमृतवेल’पर्यंतच्या माणसांना प्रेमाबरोबर ध्येयाचा आणि दुसऱ्याच्या दुःखाचाही भार वाहावा लागतो. कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा दोघांमधला वाद आजही अभ्यासक्रमात शिकवला जातो. वाचकांनी मात्र तो कधीच फारसा मनावर घेतला नाही. एकाच घरात, एकाच फळीवर ‘दौलत’ आणि ‘उल्का’ शेजारी नांदत होत्या. फडक्यांकडून प्रेम कसे बोलावे ते घ्यावे आणि खांडेकरांकडून ते कशासाठी सोडावे ते घ्यावे, अशी वाटणी वाचकांनी परस्पर करून टाकली होती.

त्या काळच्या वाचनाला जागा करून दिली ती मासिकांनी, आणि त्यांतली तीन महत्त्वाची मासिके आजच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून निघत. नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून ‘किर्लोस्कर’ १९२० मध्ये, ‘स्त्री’ १९३० मध्ये आणि ‘मनोहर’ १९३४ मध्ये सुरू झाले. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी प्रौढविवाह, प्रेमविवाह, स्त्रियांचे अर्थार्जन हे विषय कथांच्या जोडीने चर्चेत आणले. मासिकाच्या एका पानावर प्रेमविवाहाची कथा आणि दुसऱ्या पानावर त्याच प्रश्नावरची वाचकांची पत्रे, अशी ती रचना होती. प्रेमकथेकडे करमणूक म्हणून आणि त्याच वेळी जगण्याचा प्रश्न म्हणून पाहण्याची सवय या मासिकांनी लावली. तिचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही.

या मध्यमवर्गीय जगापासून थोड्याच अंतरावर, वाळवे तालुक्यातल्या वाटेगावात १९२० मध्ये अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. ‘फकिरा’मुळे त्यांच्याकडे बंडाचे कादंबरीकार म्हणूनच पाहिले जाते. त्यांच्या तीसहून अधिक कादंबऱ्यांमध्ये प्रेमकथांचा वाटा किती मोठा आहे, हे त्यामुळे झाकले गेले. ‘वैजयंता’मध्ये तमाशातल्या मुलीचे प्रेम आणि तिची प्रतिष्ठा हाच गाभा आहे. ‘आवडी’, ‘रत्ना’, ‘चंदन’, ‘अलगूज’ या साऱ्यांत प्रेम हे जातीशी, सत्तेशी आणि दारिद्र्याशी झुंजताना दिसते. फडक्यांच्या नायिकेपुढे प्रश्न असतो दोघांपैकी कोण, हा. अण्णा भाऊंच्या नायिकेला आधी स्वतःच्या शरीरावरचा हक्क सिद्ध करावा लागतो. सिनेमावाल्यांनी ही ताकद समीक्षकांच्या आधी ओळखली. ‘वैजयंता’ १९६१ मध्ये पडद्यावर आली आणि ‘अलगूज’वरून ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ निघाला. मराठी प्रेमकादंबरीच्या कोणत्याही आढाव्यात अण्णा भाऊंचे नाव फडके-खांडेकरांच्या बरोबरीने आले पाहिजे. ते बहुधा येत नाही, ही आपल्या वाङ्मयीन इतिहासातली मोठी उणीव आहे.

ऐतिहासिक कादंबरीनेही प्रेमाचा वाटा उचलला. सातारा जिल्ह्यातले ना. सं. इनामदार यांची बाजीराव-मस्तानीवरची ‘राऊ’ १९७२ ची. इतिहासाच्या नावाखाली घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर उघडपणे वाचता येईल अशी ती प्रेमकथा होती, हे तिच्या लोकप्रियतेचे एक कारण.

बाकीच्या प्रेमकादंबऱ्यांना एवढी सूट नव्हती. साठ ते नव्वद या दशकांत ‘मेनका’, ‘माहेर’, ‘रंभा’ यांसारखी मासिके, दिवाळी अंक आणि भाड्याने पुस्तके देणारी छोटी वाचनालये यांवर ही वाचनसंस्कृती उभी राहिली. चंद्रकांत काकोडकर, बाबा कदम, सुहास शिरवळकर यांच्या कादंबऱ्या हातोहात फिरत. सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांची पुस्तके स्त्री-वाचकांकडून सतत मागितली जात. रयत शिक्षण संस्थेच्या शाळांतून लिहायला-वाचायला शिकलेली पहिली पिढी याच सुमारास वाचक म्हणून तयार झाली होती. कोल्हापुरात वकिली करणाऱ्या बाबा कदमांच्या कादंबऱ्यांतले वाडे, शिकारी, घोडे आणि इनामदार या पिढीला ओळखीचे वाटले. अशा वाचनालयातली प्रत दुरूनही ओळखू येई. खाकी कागदाचे कव्हर, पाठीवर शाईने टाकलेला दाखल क्रमांक, शिवणीत इतका जाड दोरा की आतल्या बाजूची अक्षरे वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावे लागे, आणि पुष्कळदा शेवटची चार पाने गायब. ज्याला शेवट ठाऊक होता त्याला वाचनालयात भाव असे.

ही पुस्तके लपवून वाचली जात. पाठ्यपुस्तकाच्या आत, उशीखाली, माळ्यावर. त्यामागे नुसता संकोच नव्हता, आक्षेपही होते. काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती शिक्षा रद्द केली. कथेचा वाङ्मयीन दर्जा थोर नसला तरी ती अश्लील ठरत नाही, समाजाचे निकष झपाट्याने बदलत आहेत, असा त्या निकालाचा आशय होता. प्रेमकथा लिहिणाऱ्यांना त्याने मोठा दिलासा दिला. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वर आधारलेला ‘दो रास्ते’ देशभर गाजला.

नैतिक आक्षेप मागे पडले तरी वाङ्मयीन आणि सामाजिक आक्षेप राहिले, आणि त्यांत तथ्य आहे. साचेबंद कथानक, योगायोगांवर भिस्त, सगळ्या नायिका गोऱ्यापान, नायकाच्या संतापाला प्रेमाचे नाव, नकाराचा अर्थ होकार. हे दोष लोकप्रिय कादंबरीत ठायीठायी आढळतात. विभावरी शिरूरकरांनी १९३४ मध्येच ‘हिंदोळ्यावर’ लिहून विवाहाबाहेरच्या प्रेमाचा प्रश्न स्त्रीच्या बाजूने मांडला होता आणि विश्राम बेडेकरांनी १९३९ मध्ये ‘रणांगण’मध्ये बोटीवरच्या काही दिवसांच्या प्रेमातून महायुद्धाच्या उंबरठ्यावरचे जग दाखवले होते. ही उंची मराठीत असताना नंतरच्या शेकडो कादंबऱ्यांनी ती नजरेआड केली. मात्र त्यावरून प्रेमकादंबरी हा प्रकारच हलका ठरवणे अन्यायाचे आहे. रहस्यकथा फसली तर लेखकाला दोष दिला जातो, प्रेमकथा फसली तर प्रकाराला. बहुतेक वाचक स्त्रिया आहेत, हे या दुजाभावाचे खरे कारण दिसते.

श्राव्य पुस्तकाने या सगळ्या चर्चेला नवे वळण दिले. एका अर्थी ती जुनीच वाट आहे, कारण या भागात प्रेमकथा आधी ऐकली गेली आणि मग वाचली गेली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी ‘संशयकल्लोळ’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ यांतून प्रेमाची बोली पदांसकट घरोघर पोचवली. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यांनी जात आणि घर मागे टाकून तमाशा जवळ केला आणि ते पठ्ठे बापूराव झाले. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची कहाणी तर फडातूनच लोकांच्या तोंडी गेली. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाल्यावर नभोनाट्ये आणि पुस्तकांचे क्रमशः वाचन हे सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरांतले ठरलेले सोबती झाले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने लिहिलेली कथा कानांनी घ्यायची गोडी लावली.

तरीही एक फरक मूलभूत आहे. नाटक, तमाशा, पोथी, रेडिओ हे सगळे चारचौघांत ऐकायचे. प्रेमकादंबरी मात्र एकट्याने, गुपचूप वाचायची. इअरफोनने या दोन्ही परंपरा एकत्र आणल्या. भाकऱ्या थापताना, द्राक्षबागेत विरळणी करताना, कराडहून पुण्याला जाणाऱ्या एसटीत बसून एखादी बाई खांडेकरांची ‘ययाति’ ऐकत असेल तर शेजारच्याला त्याचा पत्ता लागत नाही. माणसांनी भरलेल्या घरात स्वतःपुरती जागा मिळणे ही प्रेमकादंबरीच्या वाचकाची जुनी गरज. ती या साधनाने भागवली आणि वेळेची अडचणही सोडवली.

स्टोरीटेल ही स्वीडिश सेवा २०१७ च्या अखेरीस भारतात आली आणि मराठीत तिने जोमाने काम सुरू केले. पुढच्याच वर्षी ऑडिबल आले. कुकू एफएम आणि पॉकेट एफएम ही भारतीय अॅपही त्याच सुमाराची. तीनशे पानांची कादंबरी ऐकायला साधारण आठ ते दहा तास लागतात. ती ध्वनिमुद्रित करायला त्याच्या काही पट वेळ जातो. वाचक-कलावंत बंद खोलीत बसतो, पान उलटल्याचा आवाजसुद्धा माइक पकडतो, दम कुठे घ्यायचा त्याच्या खुणा संहितेवर आधीच कराव्या लागतात. एखाद्या वाक्यात कर्ता सुरुवातीला आणि क्रियापद चौथ्या ओळीत असेल तर तिथे वाचणाऱ्याचा आवाज पडतो आणि ऐकणाऱ्याचे लक्षही.

म्हणूनच ऐकताना लेखकांची वेगळी परीक्षा होते. फडक्यांची छोटी, सुटसुटीत वाक्ये आणि चटकदार संवाद कानाला चांगले लागतात. खांडेकरांची उपमांनी आणि सुभाषितांनी ओथंबलेली वाक्ये कागदावर अधोरेखित करण्याजोगी असतात. ऐकताना मात्र एक सुभाषित मनात मुरायच्या आत दुसरे येऊन आदळते. ‘ययाति’ याला सणसणीत अपवाद आहे. ही कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या निवेदनांतून उलगडते. तीन वेगळे आवाज लाभले तर देवयानीचा ताठा आणि शर्मिष्ठेची समजूत यांतले अंतर पहिल्या दोन वाक्यांत कळते. छापील पानावर तिघांचीही भाषा खांडेकरांचीच वाटते, ही या कादंबरीवरची जुनी तक्रार. चांगले अभिवाचन ती बऱ्याच अंशी दूर करू शकते. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेल्यावर खांडेकरांनाही लेखनासाठी सांगणे आणि ऐकणे यांवरच विसंबावे लागले होते, ही गोष्ट इथे आठवते.

अण्णा भाऊंचे गद्य तर कानासाठीच घडलेले आहे. लेखक मुळात शाहीर. वाक्य तुटक, क्रियापद ठसठशीत, संवादात वारणाकाठचा हेल. ते पुणेरी उच्चारांत वाचले की त्यातला जीव जातो. या भागातल्या श्रोत्यांची सर्वांत मोठी आणि रास्त तक्रार हीच आहे की खेड्यातल्या पात्रांची बोली सिनेमातल्या ठोकळेबाज ग्रामीण ढंगात म्हटली जाते. साताऱ्याचा हेल वेगळा, जत-कवठेमहांकाळचा कानडीच्या शेजारामुळे आणखी वेगळा. हा फरक ओळखणारे आवाज इथल्या महाविद्यालयांच्या नाट्यमंडळांत आणि सांगलीच्या हौशी रंगभूमीवर भरपूर आहेत.

श्रोत्यांची इतर मतेही विचारात घेण्याजोगी आहेत. पार्श्वसंगीत बहुतेकांना नको असते. प्रेमप्रसंगाखाली बासरी वाजली की प्रसंगाची धार जाते, असे जाणते श्रोते सांगतात. पुरुष-कलावंताने नायिकेसाठी आवाज बारीक करणे अनेकांना खटकते. शृंगाराचे वर्णन वाचताना नजर पुढे सरकवता येते, ऐकताना ती सोय नसते. त्यामुळे पानावर सुसह्य वाटलेला भडक मजकूर कानात उघडा पडतो. वेग वाढवून ऐकण्याची सवय रहस्यकथेत चालते. प्रेमकथेत विराम हाच अर्धा मजकूर असतो, आणि तो कापला की उरतो नुसता तपशील. श्राव्य पुस्तक म्हणजे खरे वाचन नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी मात्र दृष्टिहीन आणि वयोवृद्ध वाचकांचा विचार करावा. स्वामित्वहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने दृष्टिबाधितांसाठी पुस्तकाची सुगम आवृत्ती काढण्याची मोकळीक दिली. तिचा उपयोग पाठ्यपुस्तकांपुरता ठेवण्याचे कारण नाही. करमणुकीचे वाचन हाही त्यांचा हक्क आहे.

अॅपवरच्या क्रमशः प्रेममालिका हा वेगळाच प्रकार झाला आहे. प्रतिलिपीसारख्या मंचांवर शेकडो मराठी लेखिका, त्यांतल्या पुष्कळ छोट्या गावांतल्या गृहिणी, भागाभागाने लिहितात आणि अशाच घडणीच्या कथा पुढे श्राव्य रूपातही येतात. लिहिणाऱ्या बायकांना थेट वाचक आणि थोडी मिळकत मिळाली, ही या काळातली चांगली घटना. पण दहा-पंधरा मिनिटांचा भाग, प्रत्येकाच्या शेवटी धक्का आणि पुढचा भाग उघडायला पैसे, या हिशेबाने कथा ताणली जाते. करार म्हणून झालेले लग्न, उर्मट कोट्यधीश नायक, सोसणारी नायिका हे साचे त्यात पुन्हा जोर धरत आहेत. नायक मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतीत राहतो. त्याच्या घराला पत्ता नसतो, त्याच्या बोलण्याला मुलूख नसतो.

या मुलखाची खरी प्रेमकथा आहे ती विरहाची. पाटण-जावळीतले माथाडी आणि गिरणी कामगार मुंबईत, अपशिंग्यासारख्या गावांतले जवान सीमेवर, विटा-खानापूर-आटपाडीतले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत. मागे राहिलेल्या बायका आणि दूर गेलेले पुरुष यांच्यात पत्रांनी, मग फोनने आणि आता व्हिडिओ कॉलने टिकवलेले संसार या दोन जिल्ह्यांत घरटी सापडतील. अण्णा भाऊंच्या गावाकडे राहिलेल्या मैनेवरच्या छक्कडीने हा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी जोडला. एवढ्या समृद्ध अनुभवावर कादंबऱ्या मात्र फार थोड्या आहेत. आणि दूर देशी एकट्या खोलीत संध्याकाळ काढणारा गलाईवाला किंवा जवान हाच तर श्राव्य कादंबरीचा हक्काचा श्रोता.

जुन्या कादंबऱ्या टिकवण्याचा प्रश्नही तितकाच निकडीचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या जुन्या वाचनालयातली हजारो पुस्तके चिखलात गेली. त्यांत पुन्हा कधी छापली न गेलेली लोकप्रिय पुस्तके परत मिळणे दुरापास्त. भिलारमध्ये २०१७ पासून पुस्तकांचे गाव उभे आहे. तिथल्या घराघरांत कादंबऱ्या वाचायला मिळतात, पण तिथे ऐकण्याची सोयही व्हायला हवी. अडचण हक्कांची असते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो. त्या हिशेबाने खांडेकरांचे लेखन २०३६ च्या अखेरीपर्यंत आणि फडक्यांचे २०३८ च्या अखेरीपर्यंत परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करता येणार नाही. अण्णा भाऊंचे निधन १८ जुलै १९६९ चे. त्यांच्या कादंबऱ्या १ जानेवारी २०३० पासून सर्वांना खुल्या होतील. तोवर वारसांच्या संमतीने, आणि त्यानंतर मुक्तपणे, वारणाकाठच्याच आवाजांत त्या ध्वनिमुद्रित व्हाव्यात. सातारा-सांगलीच्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी त्याची तयारी आतापासून करावी.